गो-कार्टसाठी हेल्मेट निवडताना

१९५६ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यातील कारागीर आर्ट इन्गल्स यांनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाके आणि गवत कापण्याच्या यंत्रासारख्या यंत्राला बसवतात तसले लहानसे इंजिन एकत्र जोडून एक बुटकी गाडी तयार केली. जगातील पहिली गो-कार्ट ती हीच, असे मानले जाते. त्याच वर्षी पीट स्नेल नावाचा मोटारशर्यतीतील एक हौशी चालक अपघातात मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते आणि त्या काळातील चांगल्या हेल्मेटांपैकी ते एक समजले जाई. तरीही मृत्यू डोक्याच्या दुखापतीनेच झाला. त्याच्या मित्रांनी आणि डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांनी पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, ‘स्नेल मेमोरियल फाउंडेशन’ स्थापन केले. हेल्मेट खरोखर डोके वाचवते की नाही हे प्रयोगशाळेत तपासणे, एवढेच या संस्थेचे काम. पुढे याच संस्थेने गो-कार्टच्या हेल्मेटांसाठी वेगळे मानक तयार केले.

आपल्याकडेही गो-कार्ट आता नवलाईची राहिलेली नाही. मोठ्या शहरांत भाड्याने कार्ट चालवण्याचे मार्ग आहेत. कोल्हापूरला राष्ट्रीय पातळीवरच्या कार्ट शर्यती झाल्या आहेत. मुंबईच्या जेहान दारूवालाने कार्टपासून सुरुवात करून फॉर्म्युला-२ पर्यंत मजल मारली. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले दरवर्षी स्वतः कार्ट बनवून स्पर्धेत उतरतात. इंजिन, ब्रेक, सांगाडा यांवर ती महिनोन्‌महिने खपतात. हेल्मेट मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी मित्राकडून मागून आणले जाते. म्हणून ते कसे निवडावे याचा विचार पदार्थविज्ञानाच्या अंगाने करू.

कार्टचे वेगळेपण

कार्ट दिसायला खेळणे असली तरी भाड्याच्या कार्टसुद्धा ताशी ४०-५० किलोमीटरचा वेग सहज गाठतात; शर्यतीच्या कार्ट शंभरी ओलांडतात. कार्टला छप्पर नसते, दारे नसतात, स्प्रिंगा नसतात. चालकाची बैठक जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर उंच असते. शर्यतीच्या कार्टला आसनपट्टाही नसतो. मोटारीत पट्टा बांधावाच लागतो, मग कार्टमध्ये का नाही? मोटार उलटली तर तिचा पिंजरा चालकाला सांभाळतो. कार्टला पिंजराच नाही. पट्ट्याने जखडलेला चालक उलटलेल्या कार्टखाली चिरडला जाईल. त्यापेक्षा तो बाहेर फेकला जाणे कमी धोक्याचे.

याचा अर्थ असा, की अपघातात कार्टचालकाचे डोके जमिनीवर, दुसऱ्या कार्टवर किंवा कडेच्या अडथळ्यावर आपटण्याची शक्यता गृहीतच धरलेली असते. तेव्हा त्याच्यासाठी मोटारीची सर्व सुरक्षा-यंत्रणा हेल्मेटच्या काही सेंटिमीटर जाडीत सामावलेली असते.

डोके आपटते म्हणजे काय होते?

डोके वेगात असते, कठीण पृष्ठभाग ते एकदम थांबवतो. इजा होते ती या एकदम थांबण्यामुळे. किती अंतरात थांबले यावर सारे अवलंबून असते. आठवी-नववीच्या मुलांना ठाऊक असलेले सूत्र घेऊ :

त्वरण = वेगाचा वर्ग ÷ (२ × थांबण्याचे अंतर)

समजा, डोके सेकंदाला ७ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने डांबरावर आपटले. अडीच मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर येताना हाच वेग असतो. हेल्मेट नसेल तर टाळूची कातडी आणि कवटी मिळून फार तर ३ मिलिमीटर दबतील. ४९ भागिले ०.००६ केले की सेकंदाला सेकंदामागे सुमारे ८,१७० मीटर इतके त्वरण येते. हे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८३० पट आहे. एवढे सोसण्याची ताकद माणसाच्या कवटीत आणि मेंदूत नाही.

आता त्याच डोक्याला थांबायला २५ मिलिमीटर अंतर दिले, तर त्वरण येते ९८० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या शंभर पट. ही झाली सरासरी. हेल्मेटमधील अस्तर जसजसे चिरडत जाते तसतसा संपर्काचा भाग मोठा होतो आणि बल वाढत जाते. ते सम प्रमाणात वाढते असे धरले, तर सर्वांत जास्त त्वरण सरासरीच्या दुप्पट, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २०० पट भरते. ही सारी घटना एका सेकंदाच्या पाच-सहा सहस्रांश भागात संपते. हेल्मेटांची मानके ठरवताना साधारणपणे २७५ ते ३०० पट ही मर्यादा धरली जाते. म्हणजे केवळ बोटभर जाडीचे चिरडणारे अस्तर मृत्यू आणि जगणे यांत फरक करू शकते.

इथे चौकस विद्यार्थी एक प्रश्न विचारेल. कार्ट धावते ताशी ६० किलोमीटरने, मग पंचवीसचा हिशेब काय कामाचा? उत्तर सदिशांच्या धड्यात आहे. चालक बाहेर फेकला गेला की त्याच्या वेगाचा मोठा भाग रस्त्याला समांतर असतो. तो भाग घसरत जाताना घर्षणाने हळूहळू कमी होतो. डोके जमिनीवर आदळते ते वेगाच्या लंब घटकामुळे. कार्टचालकाचे डोके जमिनीपासून पाऊण-एक मीटर उंचीवर असते. ८० सेंटिमीटरवरून पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटरच होतो. घसरणाऱ्या चालकासमोर खांब किंवा भिंत आली तर मात्र समांतर वेगच लंब होऊन बसतो आणि मग कोणतेही हेल्मेट अपुरे पडते. म्हणून चांगल्या कार्ट-मार्गाच्या कडेने टायरच्या रांगा रचलेल्या असतात. टायर म्हणजे थांबण्याचे अंतर वाढवण्याचाच आणखी एक उपाय.

हेल्मेटचे चार भाग

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शर्यतीतील मोटारसायकलस्वार कॅनव्हास आणि लाखेपासून बनवलेली टोपी घालू लागले होते. पण हेल्मेटचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो एका प्रसिद्ध मृत्यूनंतर. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता मांडली. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आतून चिरडणारे अस्तर लावण्याची कल्पना त्यानंतरची. अमेरिकेतील चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५३ मध्ये तिचे पेटंट मिळाले. आजच्या हेल्मेटचे चार भाग त्याच परंपरेतले आहेत.

बाहेरचे कवच हा पहिला भाग. ते कठीण प्लॅस्टिकचे, काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे असते. टोकदार वस्तू आत घुसू न देणे, आघाताचे बल मोठ्या क्षेत्रावर पसरवणे आणि जमिनीवरून घसरू देणे ही त्याची कामे.

दुसरा भाग म्हणजे त्याच्या आतील, साधारण तीन-चार सेंटिमीटर जाडीचे पॉलिस्टायरीनच्या फेसाचे अस्तर. हा आपल्या ओळखीच्या थर्माकोलचाच भाऊ; फक्त पेटीत वस्तू बांधायला वापरतात त्यापेक्षा बराच दाट. तरीही त्याच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवाच असते. आघात झाला की त्यातील पेशींच्या भिंती वाकतात, मोडतात आणि गतिज ऊर्जा तिथे खर्ची पडते. वरच्या उदाहरणात ५ किलोग्रॅमचे डोके धरले तर ही ऊर्जा सुमारे १२२ ज्यूल होते.

तिसरा भाग डोक्याला लागून असणारा मऊ स्पंज आणि कापड. दुकानात हेल्मेट घालून पाहताना आपल्याला सुख वाटते ते या थरामुळे, पण आघात सोसण्यात त्याचा वाटा नगण्य. स्पंज सहज दबतो आणि घेतलेली ऊर्जा उसळून परत देतो. तेव्हा ‘आतून किती गुबगुबीत आहे’ यावरून हेल्मेट निवडणे म्हणजे गादीच्या खोळीवरून पलंगाची मजबुती ठरवण्यासारखे आहे.

चौथा भाग हनुवटीखालचा पट्टा. तो नसेल किंवा सैल असेल तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट निघून जाते, आणि खरा आघात बहुधा त्यानंतर होतो.

कठीण हेल्मेट अधिक सुरक्षित असते का?

‘आमचे हेल्मेट गाडी अंगावरून गेली तरी फुटत नाही’ असे विक्रेते अभिमानाने सांगतात. हा गैरसमज वर्गात मुद्दाम चर्चेला घ्यावा. हेल्मेट टिकावे हा हेतू नसतो, डोके टिकावे हा असतो. जे अस्तर अजिबात चिरडत नाही ते थांबायला अंतरही देत नाही. उलट फार मऊ अस्तर पूर्ण दबून तळाला लागते आणि उरलेला आघात थेट कवटीला बसतो. तेव्हा अस्तराचा कठीणपणा नेमका हवा.

नेमका म्हणजे कोणासाठी नेमका? या प्रश्नातच मुलांच्या हेल्मेटचे मर्म आहे. वरच्या उदाहरणातील अस्तर ५ किलोग्रॅमच्या डोक्याच्या आघाताने २५ मिलिमीटर दबले आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २०० पट झाले. आता तेच हेल्मेट साडेतीन किलोग्रॅमच्या डोक्यावर चढवू. वेग तोच. डोके हलके, म्हणून ऊर्जा कमी. अस्तर २१ मिलिमीटरच दबेल. बल कमी झाले तरी वस्तुमान त्याहून अधिक कमी झाले आहे, त्यामुळे त्वरण वाढते. ते जवळजवळ २४० पट होते. मोठ्यांसाठी उत्तम असलेले हेल्मेट लहानग्याला जास्त धक्का देते, कारण त्याचे हलके डोके ते अस्तर पुरेसे चिरडूच शकत नाही.

शिवाय मानेचा प्रश्न आहे. शर्यतीच्या कार्टमध्ये वळणावर गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट त्वरण सहज अनुभवाला येते. साडेचार किलोग्रॅमचे डोके आणि दीड किलोग्रॅमचे हेल्मेट मिळून सहा किलोग्रॅम झाले. वळणावर मानेला बाजूने जणू बारा किलोग्रॅमचे ओझे पेलावे लागते आणि दर फेरीत दहा-बारा वेळा पेलावे लागते. दहा वर्षांच्या मुलाच्या मानेचे स्नायू एवढे तयार नसतात. मान थकली की डोके लवंडते, नजर हटते आणि अपघात होतो. म्हणूनच स्नेल संस्थेने २००७ मध्ये मुलांच्या मोटार-खेळांसाठी हलक्या हेल्मेटांचे स्वतंत्र मानक काढले. दादाचे जुने हेल्मेट आत टॉवेल कोंबून धाकट्याला देणे ही काटकसर महाग पडू शकते.

फिरकीचा आघात

आघात सरळच होतो असे नाही. डोके तिरके आपटले की त्याला एकदम पीळ बसतो. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक होलबोर्न यांनी कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून दाखवून दिले, की अशा फिरकीमुळे मेंदूच्या थरांमध्ये कातरबल निर्माण होते आणि नाजूक ऊती ताणल्या जातात. स्टीलच्या भांड्यात पाणी घालून त्यात चहाची थोडी पूड टाका आणि भांडे झटकन फिरवा. भांडे फिरते, पाणी मागे राहते. कवटी आणि मेंदू यांचे काहीसे असेच होते.

यावर उपाय म्हणून काही हेल्मेटांत कवच आणि डोके यांच्यात थोडासा सरकणारा पातळ थर बसवतात. युरोपातील मोटारसायकल हेल्मेटांच्या २२.०६ या नव्या मानकात तिरक्या आघाताची चाचणीही समाविष्ट झाली आहे. ग्राहकाने लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे. कवच गुळगुळीत आणि गोल असावे. शोभेची शिंगे, पंख, वर चिकटवलेले कॅमेरे घसरण्याला अडथळा करतात आणि पीळ वाढवतात.

शिक्क्यांचा अर्थ

हेल्मेट किती चांगले आहे हे नुसते पाहून किंवा टकटक करून कोणालाही कळत नाही. त्यामुळे कोणत्या चाचणीत ते उतरले हे सांगणारा शिक्काच पाहावा लागतो. स्नेलच्या चाचण्यांत हेल्मेट धातूच्या नकली डोक्यावर बसवून सपाट, अर्धगोल, धारदार अशा निरनिराळ्या ऐरणींवर आपटतात. ३ किलोग्रॅमचा टोकदार घण ३ मीटरवरून कवचावर सोडतात. पट्ट्याला अचानक हिसका देतात. हेल्मेटची मागची कड वजनाने ओढून ते डोक्यावरून उलटून निघते का ते पाहतात. पुढच्या पारदर्शक झडपेवर शिशाची गोळी झाडतात.

स्नेलच्या शिक्क्यावरील अक्षरे वेगवेगळ्या उपयोगांसाठी असतात. ‘एम’ म्हणजे मोटारसायकल, ‘एसए’ म्हणजे मोटारशर्यत, ‘के’ म्हणजे कार्ट. अक्षरापुढे मानकाचे वर्ष असते, उदाहरणार्थ के-२०१५ किंवा के-२०२०. फरक कशात आहे? मोटारीत चालक पट्ट्याने बांधलेला असतो आणि आग लागली तर बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून ‘एसए’ हेल्मेटचे अस्तर अग्निरोधक असावे लागते. कार्टचालक मोकळा असतो, त्यामुळे ‘के’ प्रकाराला ही अट नाही आणि ते तुलनेने स्वस्त पडते. मोटारसायकलस्वाराला चौकात दोन्ही बाजूंनी येणारी वाहने दिसली पाहिजेत. म्हणून ‘एम’ हेल्मेटची पुढची खिडकी रुंद लागते. शर्यतीच्या मार्गावर सगळे एकाच दिशेने जातात, तेव्हा खिडकी थोडी अरुंद चालते. उलट कार्ट व मोटारींच्या हेल्मेटांना सळईसारख्या ऐरणीवर एकाहून अधिक वेळा आपटण्याची जादा चाचणी द्यावी लागते.

आपल्याकडे दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे भारतीय मानक आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राविना दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. खऱ्या आयएसआय चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली उत्पादकाचा परवाना क्रमांक. ब्यूरोच्या मोबाइल सेवेवर हा क्रमांक पडताळून पाहता येतो. रस्त्याकडेच्या ढिगातील हेल्मेटवर नुसती तीन अक्षरे छापलेली असली तर त्यांना काही किंमत नाही.

मग कोणते घ्यावे? कधीतरी गंमत म्हणून भाड्याची कार्ट चालवायची असेल, तर खऱ्या आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे आणि मापाचे हेल्मेट पुरेसे समजावे. नियमित सराव किंवा स्पर्धा करायची असेल तर आधी स्पर्धेची नियमावली वाचावी, त्यात मान्य असलेल्या शिक्क्यांची यादी असते. अर्धे, टोपीवजा हेल्मेट मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. जर्मनीतील मोटारसायकल अपघातांच्या एका अभ्यासात हेल्मेटवरील आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागात आढळले होते. कार्टमध्ये तर पुढे सुकाणूचे चाक असते, शिवाय पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे थेट तोंडावर येतात.

माप कसे घ्यावे?

शिंप्याच्या टेपने भुवयांच्या बोटभर वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घेर मोजावा. एकाच घेराची डोकी गोल किंवा लांबट असू शकतात, म्हणून घालून पाहण्याला पर्याय नाही. घातल्यावर पुढील गोष्टी तपासाव्यात.

(१) गाल किंचित दाबले जावेत. नवीन हेल्मेट थोडे घट्टच हवे. वापराने स्पंज बसतो.

(२) हेल्मेट हातांनी डावी-उजवीकडे फिरवले तर कपाळाची कातडीही त्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरले तर ते मोठे आहे.

(३) पट्टा बांधून दुसऱ्या कोणाला तरी मागच्या कडेला बोटे घालून वर-पुढे ओढायला सांगावे. हेल्मेट डोळ्यांवर येऊन निघू लागले तर ते नाकारावे, मग शिक्का कोणताही असो.

(४) दहा-पंधरा मिनिटे घालून बसावे. कपाळावर एकाच ठिकाणी दुखू लागले तर आकार जुळत नाही.

(५) चष्मा असेल तर तो घालूनच तपासावे.

पट्ट्यासाठी दोन कड्यांतून ओवून घट्ट करण्याची साधी पद्धत शर्यतीत सर्वांत विश्वासाची मानली जाते. ती बांधायला अर्धा मिनिट जास्त लागतो, पण आपोआप सुटत नाही.

हेल्मेटचे आयुष्य

एकदा चिरडलेले अस्तर पुन्हा फुगत नाही. बाहेरून ओरखडाही दिसत नसला तरी आतली जागा खर्च झालेली असू शकते. म्हणून डोक्यावर असताना मोठा आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. याच कारणाने दुसऱ्याचे वापरलेले हेल्मेट विकत घेणे टाळावे. त्याचा इतिहास त्याच्या कवचावर लिहिलेला नसतो. अपघात झाला नाही तरी पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, अशी स्नेल संस्थेची आणि उत्पादकांची शिफारस आहे. घाम, केसांचे तेल, सौंदर्यप्रसाधने, आतील डिंक यांनी अस्तर हळूहळू बिघडते. आपल्याकडे डोक्याला रोज खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आत धुता येणारी सुती टोपी घालावी.

पेट्रोल, थिनर आणि रंग यांपासून हेल्मेट दूर ठेवावे. कार्टच्या कार्यशाळेत पेट्रोलने हात पुसायचा बोळा हाताशीच असतो आणि त्यानेच हेल्मेट चकचकीत करण्याचा मोह होतो. महाविद्यालयाचे नाव फवाऱ्याच्या रंगाने कवचावर लिहिण्याचीही पद्धत आहे. दोन्ही टाळावे. सौम्य साबण आणि पाणी यांपलीकडे काही लागत नाही.

केसांची खबरदारी

हेल्मेट चांगले असून भागत नाही. कार्टचा मागचा आस उघडा असतो आणि चाकांबरोबर वेगाने फिरतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळ कार्ट चालवताना लांब केस मागे अडकून दोन तरुणींचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणे करमणुकीची होती. म्हणून केस बांधून, माकडटोपीसारख्या पातळ टोपीत कोंबून, ती शर्टाच्या आत खोचूनच हेल्मेट घालावे. ओढणी, मफलर, सैल दुपट्टा यांना कार्टवर जागा नाही. सहलीला मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी ही तपासणी मार्गचालकावर न सोपवता स्वतः करावी.

वर्गात करण्यासारखे

थर्माकोलचा एक तुकडा आणि अंघोळीच्या स्पंजचा एक तुकडा घ्या. दोन्हींवर अंगठ्याने जोरात दाबा. स्पंज पूर्ववत होतो, थर्माकोलवर खळगा तसाच राहतो. ऊर्जा कुठे गेली, हे मुलांना विचारा.

सारख्या जाडीच्या थर्माकोलवर आणि लाकडी फळीवर एकाच उंचीवरून लोखंडी गोळी सोडा. गोळी किती उसळते ते मोजा. थर्माकोलमधील खळग्याची खोली मोजून वरचे सूत्र वापरा आणि गोळीचे त्वरण काढा. मग हलकी आणि जड अशा सारख्याच आकाराच्या दोन गोळ्या घेऊन पाहा. मुलांच्या हेल्मेटचा मुद्दा आपोआप उलगडेल.

संत्र्याची साल थर्माकोलच्या पातळ तुकड्यावर पिळा. सालीतील तेलात थर्माकोल विरघळतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. पेट्रोलचा प्रयोग वर्गात करू नये. संत्रे तेच सांगते, आणि आगीची भीती नाही.

शेवटी मुलांना आपापल्या घरातील दुचाकीचे हेल्मेट आणायला सांगावे. त्यावरील चिन्ह, परवाना क्रमांक, बनवल्याचे वर्ष, पट्ट्याची स्थिती यांचा तक्ता फळ्यावर करावा. वरील पाच कसोट्या लावून किती हेल्मेट उतरतात ते मोजावे. गो-कार्टच्या मार्गावर आपल्यापैकी थोडेच विद्यार्थी जातील. रस्त्यावर मात्र रोज सगळेच असतात. मोटारसायकलस्वारांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे, की हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. हा लाभ हँडलला अडकवलेल्या किंवा पट्टा न बांधलेल्या हेल्मेटचा नाही. फळ्यावरचा तक्ता पूर्ण झाल्यावर तो मुलांनी घरी नेऊन पालकांना दाखवावा.